कॉन्ट्रा जगानं जपलाय, मामांचं खोकं तू जप

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या साखळी गावची एक मुलगी, फर्मागुडीला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. घराच्या कौलांचं काम काढलं तेव्हा माळ्यावर मामांचं एक पुठ्ठ्याचं खोकं सापडलं. मामा बोटीवर कामाला होते. खोक्यात लाल-पांढरं व्हिडिओ गेमचं यंत्र, त्याच्या अकरा कॅसेट, लहान मुलांच्या खेळांच्या दोन मराठी सीडी आणि बटणांचा एक नोकिया. आई आणि मावशी ते यंत्र घरच्या कलर टीव्हीवर खेळायच्या, असंही तिनं लिहिलंय. ती विचारते: "दादा, यातलं काय जपायचं आणि कसं? आणि मला असाच जुन्या धाटणीचा खेळ मराठीत करायचाय, एकटीनं. जमेल का?"

पहिली गोष्ट, आणि ही आजपासूनच पाळ: त्या यंत्रासोबतचा अडॅप्टर प्लगमध्ये खोचू नकोस. तो जपानी असेल तर १०० व्होल्टचा आहे. आपल्या २३० व्होल्टवर तो आधी वास सोडतो, मग धूर, आणि जाताना कधीकधी यंत्रालाही सोबत नेतो. मी एक असा घालवलाय, त्यामुळे वास ओळखीचा आहे. अशा लाल-पांढऱ्या यंत्राचं मूळ म्हणजे निन्टेन्डोचा फॅमिकॉम; अस्सल फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर लागतात आणि पिनचा मधला भाग ऋण असतो, म्हणजे हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरच्या उलट. आत ७८०५ हा साधा रेग्युलेटर त्याचे ५ व्होल्ट करतो, म्हणून ९ व्होल्ट, १ अँपिअरचा चालून जातो, पण मधला भाग ऋण हवाच. यंत्रावर अडॅप्टरची खूण छापलेली असेल ती बघ. नसेल तर मल्टिमीटर असलेल्या माणसाकडे जा.

ते यंत्र अस्सल की नक्कल, हे पेचकस न लावताही कळतं. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जुलै १९८३ मध्ये जपानात आला. त्याचे दोन्ही कंट्रोलर मागच्या बाजूनं यंत्राला कायमचे जोडलेले असतात आणि दुसऱ्या कंट्रोलरवर स्टार्ट-सिलेक्टच्या जागी चक्क मायक्रोफोन असतो. कंट्रोलर काढता-घालता येत असतील, त्यावर टर्बोची जादा बटणं असतील, तर ती नक्कल. माझा अंदाज नकलेचाच आहे, आणि तो तुझ्या पत्रावरूनच बांधलाय. अस्सल यंत्र एनटीएससी ह्या पद्धतीच्या जपानी टीव्हीसाठी होतं, त्याचा सिग्नल जपानच्या चॅनेल १ किंवा २ वर यायचा. आपले टीव्ही पाल ह्या दुसऱ्या पद्धतीचे, त्यांना तो चॅनेल सापडायचा नाही, आणि जुगाड करून सापडलाच तर चित्र गरगर फिरायचं. आई-मावशी कलर टीव्हीवर आरामात खेळल्या, म्हणजे ते यंत्र पाल टीव्हीसाठी बनवलेलं होतं. दुबई, सिंगापूर, हाँगकाँग, कुठून आलं ते मामाच सांगतील. गोव्यात त्या काळात आखातातून आणि बोटीवरून घरी येणाऱ्यांच्या बॅगांत अशी यंत्रं असायची, सेंटच्या बाटल्या आणि टँगच्या डब्यांशेजारी.

नक्कल म्हटल्यावर तोंड वाकडं करू नकोस. मला विचारशील तर खोक्यातली मोठी चीज तीच.

कॉन्ट्रा, मारिओ, गॅलॅगा ह्या गाजलेल्या खेळांना वाचवायला तुझी-माझी गरज उरलेली नाही. हौशी लोकांनी ते खेळ पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच कॅसेटमधून उतरवले, नो-इन्ट्रोसारख्या प्रकल्पांनी प्रत्येक अस्सल प्रतीची बोटांच्या ठशासारखी खूण नोंदवून ठेवली, आणि आर्केडच्या यंत्रांसाठी मेम हा एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, १९९७ पासून हेच काम करतोय. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के दुकानात विकत मिळत नाहीत असं निघालं. पण विकत न मिळणं वेगळं आणि नाहीसं होणं वेगळं. मारिओ नाहीसा होणार नाही.

आपण खेळलेला मारिओ मात्र होऊ शकतो. तो जगातल्या मारिओपेक्षा निराळा होता, हे फार थोड्यांना माहीत आहे. अस्सल यंत्र सेकंदाला ६० चित्रं दाखवतं. आपल्या टीव्हीसाठी केलेल्या नकला ५० दाखवायच्या, आणि खेळातली पळापळ, उड्या, संगीताचे ठोके सगळं चित्रांच्या मोजणीवर बांधलेलं, म्हणून आपला मारिओ सहाव्या हिश्श्यानं संथ धावायचा. युरोपात निन्टेन्डोनं स्वतः विकलेलं पाल यंत्रही ५० चंच, पण त्याचा प्रोसेसर हळू केलेला होता, त्यामुळे तिथे सूरही खाली यायचे. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिप वापरणाऱ्या नकलांत प्रोसेसर जवळपास मूळ वेगानंच चालायचा. सूर तोच, लय मंद. आणि वर एक गंमत: ह्या नकलांच्या आवाजाच्या चिपमध्ये चौकोनी लहरीच्या दोन जाती एकमेकींच्या जागी बसल्या होत्या. जिथे २५ टक्क्यांची लहर हवी तिथे ५० ची वाजायची, ५० च्या जागी २५ ची. चाल बदलत नाही, पण आवाजाचा पोत बदलतो; पातळ सनई जाड व्हावी तसा. आईला इंटरनेटवरचं मूळ यंत्राचं रेकॉर्डिंग ऐकव. "असं नव्हतं वाजत" म्हणाली तर तिचा कान बरोबर आहे.

मेसेन ह्या एम्युलेटरमध्ये प्रदेश निवडताना डेंडी नावाचा पर्याय आहे. डेंडी ही रशियातली अशीच गाजलेली नक्कल. आपल्या लहानपणाची लय रशियन नकलेच्या नावाखाली सापडते, याचं मला अजून हसू येतं. पण एम्युलेटरच्या पर्यायात बसतं ते ढोबळ. तुझ्या यंत्राचा बोर्ड नेमका कुठला, चिपवर काय छापलंय, की चिप झाकणारा नुसता डांबरासारखा काळा थेंब आहे, रंग कसे दिसतात, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. म्हणून यंत्र उघडलंस की आधी फोटो, दोन्ही बाजूंचे, चिपवरची अक्षरं वाचता येतील असे. अडॅप्टरचा प्रश्न सुटल्यावर एव्ही पिनमधून दहा-पंधरा मिनिटांचं रेकॉर्डिंग, खेळाच्या आवाजासकट. एवढ्यावर पुढचा माणूस बरंच काही उभं करू शकतो.

कॅसेटकडे येऊ. फुंकर मारू नकोस. आम्ही सगळ्यांनी मारली, आणि त्यानं कॅसेट चालायचीही, पण चालायची ती काढून परत घातल्यामुळे. फुंकरेतली ओल कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या तांब्याच्या पट्ट्यांवर बसते, आणि आपल्याकडे जूनपासून हवेत ती आधीच भरपूर असते. खाऱ्या वाऱ्याची भर वेगळी. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातले कापूसबोळे घे, पट्ट्यांवरून उभं घास, बोळा काळा निघेल, दुसरा घे. अगदीच हिरवट गंज असेल तर पांढरा मऊ खोडरबर हलक्या हातानं. सँडपेपर लावणाऱ्याच्या हातून कॅसेट काढून घे.

मग उतरवणं, ज्याला आम्ही डम्प म्हणतो. त्यासाठी कॅसेट खोचायचा छोटा बोर्ड लागतो, तो डम्पर. आर्डुइनो ह्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर स्वतः बांधता येईल असा खुला आराखडा सान्नी कार्ट्रिज रीडर ह्या नावानं मिळतो. प्रत्येक कॅसेट दोनदा उतरव, मधे एकदा काढून परत घाल, आणि दोन्ही फाइलींचे चेकसम, म्हणजे मघाची ती बोटांच्या ठशासारखी खूण, जुळतात का बघ. जुळले नाहीत तर पट्ट्या परत पूस. काळ्या थेंबाची भीती नको, पट्ट्या त्याच्या बाहेर असतात.

अकरांपैकी आठ-नऊ कॅसेटचे चेकसम जगाच्या यादीशी जुळतील असा माझा अंदाज. ते बघून खूश हो आणि पुढे जा. जीव लाव तो "९९९९९९९ इन १" लिहिलेल्या कॅसेटवर. आत खेळ असतील तीस-चाळीस, बाकी त्यांचेच तुकडे: तिसऱ्या पातळीपासून सुरू होणारा मारिओ, जादा जीव असलेला कॉन्ट्रा, वेगळ्या नावानं परत तोच. पण तो मेनू, ती चाल, ते चुकीच्या इंग्रजीतलं नाव कुणीतरी बसून रचलंय, बहुतेक तैवानात, आणि त्याचं नाव कुठेच नाही. अशा कॅसेटचे प्रकार इतके, की तुझी अजून कुणीच नोंदवलेली नसणं सहज शक्य आहे. त्या उतरवायला त्रासही जास्त, कारण खेळ बदलताना आतली स्मृतीची पानं पालटणारं सर्किट प्रत्येकीत वेगळं. फाइल निघते, पण चालत नाही, मग पान कसं पालटतं ते शोधत बसायचं. मला एकीला तीन रविवार लागले होते.

सीडीवर बुरशीचे ठिपके असतील तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, पुसायचं मधून कडेकडे सरळ रेषेत, गोल गोल नाही. आतल्या फाइली नुसत्या कॉपी करू नकोस, अख्ख्या सीडीची इमेज, म्हणजे तिची जशीच्या तशी एक फाइल, काढ. खराब भाग असेल तर डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम परत परत वाचून काढतो. २००० च्या आसपासच्या ह्या मराठी सीडी मला कॅसेटपेक्षा जास्त काळजीच्या वाटतात. माझ्या पाहण्यातल्या कुठल्याच यादीत त्यांची नोंद नाही. त्यांतले बरेच इन्स्टॉलर १६ बिटचे, ६४ बिटच्या विंडोजवर उघडतच नाहीत. ८६बॉक्स ह्या जुन्या कॉम्प्युटरच्या एम्युलेटरमध्ये विंडोज ९८ उभं करावं लागतं. आणि चाललंच, तर अक्षरांच्या जागी कचरा दिसतो. कारण तेव्हाचं मराठी युनिकोडमधलं, म्हणजे आजच्या सगळीकडे सारख्या मांडणीतलं, नव्हतं. श्रीलिपी, आयएसएम, आकृती, प्रत्येकाची स्वतःची मांडणी, आणि फॉन्ट नसला तर "कमळ बघ" च्या जागी इंग्रजी अक्षरांची भाजी. म्हणून सीडीच्या इमेजसोबत तिचे फॉन्ट जपले पाहिजेत. सीडीत नसतील तर ज्या जुन्या कॉम्प्युटरवर ती चालायची त्याच्या हार्ड डिस्कवर असतील. तो कॉम्प्युटर भंगारवाल्याला गेला का, हे आईला विचार.

नोकियाबद्दल फार लिहीत नाही. बॅटरी फुगली असेल तर आधी काढ. बीएल-५सी असेल तर नवी कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळते. आतल्या खेळांच्या जार फाइली फोन देत असेल तर ब्लूटूथनं बाहेर घे, फोनचा मॉडेल नंबर लिहून ठेव. एकाच खेळाच्या प्रत्येक पडद्यासाठी वेगवेगळ्या आवृत्त्या निघायच्या, त्यामुळे मॉडेलशिवाय फाइल अर्धीच. अँड्रॉइडवर जे२एमई लोडर त्या चालवतो.

आता तुझा खेळ. एकटीनं जमेल का? जमेल, पण आधी लहान यंत्रावर एक छोटा खेळ पुरा कर. पिको-८ हे असं कॉम्प्युटरवरच चालणारं काल्पनिक यंत्र आहे: १२८ बाय १२८ ठिपके, १६ रंग, सगळी हत्यारं आतच. सेलेस्ट ह्या गाजलेल्या खेळाचा पहिला अवतार २०१५ मध्ये दोघांनी पिको-८ वर चार दिवसांत केला होता. पिको-८ विकत घ्यावं लागतं; टिक-८० त्याच जातीचं आणि फुकट. गेम बॉय ह्या निन्टेन्डोच्या हातातल्या यंत्रासाठी जीबी स्टुडिओ आहे, तोही फुकट, कोड जवळपास लिहावाच लागत नाही. तो इतका सुटसुटीत आहे की त्यात यंत्र दिसेनासं होतं, म्हणून तुला सुचवत नाही. एक पडदा, एक शत्रू, तीन आवाज. सुरुवात, हार, जीत, परत सुरुवात. तेवढं घरातल्या तिघांना खेळायला दे आणि मागे उभी राहून गप्प बघ. गप्प राहणं जमलं की निम्मं शिकलीस.

त्यानंतर एनईएस, फॅमिकॉमचंच जपानबाहेरचं नाव, म्हणजे मामांचंच यंत्र. २ किलोबाइट रॅम, १.७९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. सुपर मारिओ ब्रदर्स ४० किलोबाइटमध्ये मावतो, आणि त्यातला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, रंग तेवढे निराळे. २०१९ मध्ये आलेला मायक्रो मेजेस तेवढ्याच ४० किलोबाइटमध्ये चौघांना एकत्र खेळवतो. भाषा असेम्ब्ली, म्हणजे जवळजवळ प्रोसेसरचीच बोली, नाहीतर सीसी६५ हा कंपायलर वापरून सी. मी असेम्ब्लीच सांगेन, पण त्यात थोडा माझा हट्टही आहे.

मर्यादा म्हणजे काय, हे आकडे वाचून कळत नाही. ह्याच यंत्रासाठी मी केलेला खेळ नरकासुराचा होता. दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावरच्या पोरांनी नरकासुराचा पुतळा ढकलत गावातून न्यायचा, पहाटेच्या आत जाळायचा. मी नरकासुर ऐसपैस काढला, ८० ठिपके रुंद. हलणाऱ्या चित्रांना स्प्राइट म्हणतात, ते आठ ठिपके रुंद असतात, आणि हे यंत्र एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट दाखवतं. माझ्या राक्षसाचा उजवा खांदा गायब. जुन्या खेळांतले मोठे राक्षस बघितलेस तर त्यांच्यामागे बहुतेकदा काळोख असतो, त्याचं कारण हेच: तो राक्षस स्प्राइट नसतोच, तो मागचा पडदा असतो, आणि पडद्याच्या मागे दुसरा पडदा नसतो. मीही तेच केलं. देऊळ, माड, घरं सगळं पुसून काळं केलं. मिरवणूक रात्रीचीच, म्हणून निभावलं. दुपारच्या दहीकाल्याचा खेळ असता तर फसलो असतो. जळणारा नरकासुर दाखवायला एकही नवं चित्र काढलं नाही, त्याच्या रंगपेटीतले तीन रंग दर चार फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर चार चित्रांमागे, फिरवले. सगळ्यांना तोच भाग आवडतो.

आवाजाला दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी, एक नुसता खरखराट आणि एक नमुन्यांचा असे पाच मार्ग. मला घुमट हवा होता, आपलं मडक्याला चामडं लावलेलं वाद्य. त्रिकोणी लहर वरच्या सुरावर सुरू करून सात-आठ फ्रेममध्ये झपकन खाली घसरवली की मडक्यातून आल्यासारखी धुम येते. त्यावर एका फ्रेमचा खरखराट टाकला की चामड्यावरची बोटं. कासाळ्यांना, म्हणजे झांजांना, लांबवलेला खरखराट पुरतो. फॅमिस्टुडिओ ह्या संगीत रचायच्या प्रोग्रॅममध्ये चवथीच्या आरतीचा ठेका लावला तेव्हा आमच्या घरातून आवाज आला, "आत्ता कसली आरती?" तिथे मी हात थांबवला.

आणि मराठी. ह्यावर जरा थांबतो, कारण तू मराठीतच करायचं म्हणतेस आणि ह्याची तयार वाट कुणी घालून ठेवलेली नाही. यंत्राचं सगळं चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या फरश्यांचं, त्याला टाइल म्हणतात. एका वेळी मागच्या पडद्यासाठी अशा २५६. इंग्रजीला २६ अक्षरं, २६ टाइल, विषय संपला. मी आधी एका टाइलमध्ये एक अक्षर बसवून पाहिलं. मुंग्या फिरल्यासारखं दिसलं. ख ला बारा ठिपके लागतात, र ला पाच पुरतात, त्यामुळे समान चौकटी उपयोगाच्या नाहीत. मग एका ओळीला तीन मजले दिले. वरच्या मजल्यात मात्रा, वेलांटी, अनुस्वार, आणि शिरोरेषा त्या मजल्याच्या अगदी तळाच्या ओळीत. मधल्या मजल्यात अक्षराचं अंग. खालच्यात उकार. ह्यातली मेख अशी, की वर काही नसलेल्या जवळजवळ प्रत्येक अक्षराचा वरचा मजला सारखाच होतो, नुसती एक रेघ, आणि उकार नसलेल्याचा खालचा मजला कोरा. ह्या दोन टाइल सगळीकडे परत परत वापरता येतात. खर्च उरतो मधल्या मजल्याचा.

अक्षरं यंत्रावर जोडत बसू नकोस. जोडाक्षरं, मागून येऊन आधी बसणारी ऱ्हस्व वेलांटी, रफार, हे सगळं २ किलोबाइटात सांभाळणं म्हणजे स्वतःहून दुखणं घेणं. खेळातली वाक्यं ठरलेली असतात. ती सगळी आपल्या कॉम्प्युटरवर आधीच रंगवायची, टाइलमध्ये कापायची, सारख्या टाइल एकदाच ठेवायच्या. मी हे केलं तेव्हा सारख्या टाइल जवळजवळ निघेनातच. दोन दिवसांनी लक्षात आलं: "नरकासुर" हा शब्द एका ओळीत टाइलच्या तिसऱ्या ठिपक्यावर सुरू होत होता, दुसऱ्या ओळीत सहाव्या, म्हणून प्रत्येक वेळी वेगळा कापला जात होता. प्रत्येक शब्द टाइलच्या कडेवरच सुरू करायचा असा नियम घातला आणि काम झालं. शब्दांमधल्या फटी थोड्या कमी-जास्त दिसतात. मला खटकतात, खेळणाऱ्यांतल्या कुणीही आजवर बोलून दाखवलेलं नाही.

ह्या टाइल चित्रस्मृतीत लिहायच्या तर पडद्याचं एक चित्र संपून दुसरं सुरू होण्याच्या फटीतच लिहाव्या लागतात. ती फट सुमारे २,२७० सायकलींची, म्हणजे प्रोसेसरच्या ठोक्यांची; त्यातल्या ५१३ सायकली स्प्राइटांतच जातात. एका टाइलचे १६ बाइट, सरळ लिहीत गेलं तर बाइटला ८ सायकली. हिशेबानं तेरा टाइल बसतात, मी आठवर थांबतो. म्हणून संवाद आपोआप हळूहळू उमटतो, मुद्दाम काही करावं लागत नाही. पहिल्या प्रयत्नात मी वरचा मजला आधी लिहीत होतो: रिकाम्या काळ्या चौकटीत आधी मात्रा आणि अनुस्वार तरंगायचे, मग खालून अक्षरं येऊन त्यांना लटकायची. मजले सोडून उभ्या पट्ट्या लिहायला लागलो तेव्हा वाचता आलं.

फॉन्ट स्वतः काढ. फुकट मिळणाऱ्या ठिपक्यांच्या देवनागरीत ल आणि श हिंदी वळणाचे असतात, आणि "पायऱ्या" मधला पापणीसारखा र बहुतेकांत नसतोच. मला तो तीन ठिपक्यांत बसवायला एक संध्याकाळ लागली. माझ्या पहिल्या आवृत्तीत राक्षस "पाययांवरून" उतरायचा.

जपणं आणि करणं ही दोन कामं नाहीत, हे मी ज्या दिवशी शिकलो तो दिवस सांगतो. तो खेळ पुरा झाला त्याच्या पुढच्या जूनमध्ये पहिल्याच गडगडाटात वीज पडली, कॉम्प्युटर गेला, हार्ड डिस्क गेली. माझ्याकडे बॅकअपची डीव्हीडी होती. ती प्लास्टिकच्या पाकिटात, पाकीट लाकडी कपाटात, कपाट पश्चिमेच्या भिंतीला. डीव्हीडीवर नकाशासारखी बुरशी. सोर्स, म्हणजे मी लिहिलेला मूळ कोड, गेला. उरली एकच गोष्ट: सावंतवाडीच्या मावसभावाला वाढदिवसाला दिलेली कॅसेट. ती आणली, माझ्याच डम्परनं उतरवली, खेळ परत मिळाला. पण मिळाले ते नुसते आकडे. नावं नाहीत, टिपा नाहीत. ते उलट वाचत गेलो तेव्हा एका जागी २९ हा आकडा सापडला. तो काढला की नरकासुर वळणावर अडकतो, ठेवला की सुटतो. का, ते मला आजतागायत आठवलेलं नाही. परत लिहिलेल्या सोर्समध्ये त्यापुढे टीप आहे: "हात लावू नये."

तेव्हापासून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक गोव्याबाहेर बहिणीकडे. सोर्स गिट ह्या प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आणि त्याच्या शेजारी ज्या असेम्ब्लरनं तो बांधला त्याची तीच आवृत्ती, फॉन्टची मूळ चित्रं, कापणारी स्क्रिप्ट. वर्षातून एकदा, पाऊस सुरू व्हायच्या आधी, सगळं कोऱ्या कॉम्प्युटरवर नव्यानं बांधून बघतो. दोनदा ते बांधलं गेलं नव्हतं. एकदा स्क्रिप्टला लागणारी लायब्ररी बदलली होती, एकदा फाइलीचं नाव देवनागरीत ठेवायचा माझाच शहाणपणा नडला.

कायद्याचं दोन ओळींत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ कायदेशीर प्रतीच्या धन्याला प्रोग्रॅमची बॅकअप प्रत काढू देतं. ती वाटायची परवानगी त्यात नाही, आणि "जुना झाला, आता कुणाचा नाही" अशी कुठली वर्गवारीही कायद्यात नाही. बूटलेग कॅसेट मुळातच चोरीची प्रत, तेव्हा तिच्या धन्याला हे कलम कितपत लागू होतं हा वादाचा मुद्दा. मी फोटो, बोर्डाची माहिती आणि चेकसम उघड ठेवतो, फाइल नाही. तुझ्या खेळात मारिओचा एक ठिपकाही घेऊ नकोस. पैशांचं म्हणशील तर माझ्या खेळानं कॅसेटच्या सुट्या भागांचा खर्च भरून काढला आणि वर एक चांगला सोल्डरिंग गन. नोकरी सोडलेली नाही.

आता तुझ्यापुढचा क्रम. पावसाळ्यात यंत्र उघडू नकोस. सगळं झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेव. तांदूळ नको, त्याची पूड सॉकेटमध्ये जाते. तोवर मामांसमोर फोनचा रेकॉर्डर ठेवून बस. कुठलं बंदर, कुठलं वर्ष, किती पैसे, कुठली कॅसेट कुणाशी बदलून घेतली, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली कुठली. लेबलं उडालेल्या कॅसेट त्यांच्या हातात दे, त्यांना वजनावरून ओळखता येतील. माझा डम्पर चवथीनंतर मोकळा आहे. फोंड्याला येशील तेव्हा "९९९९९९९" वाली आधी काढू, आणि मामांना जमलं तर त्यांनाही घेऊन ये.